‘त्रिकाल’मधील अपराधभाव

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) हा हिंदी चित्रपट पोर्तुगीज सत्तेखालच्या १९६१ च्या गोव्यात घडतो. त्या वर्षी १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. कथा त्याच्या थोड्या आधीची आहे. गोव्यातील लोटली गावात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रपटाचे चित्रीकरण झाले. कथेतील घराण्याचा कर्ता पुरुष वारल्यावर त्याची पत्नी दोना मारिया (लीला नायडू) मोलकरीण मिलाग्रेनियाला (नीना गुप्ता) माध्यम करून पतीच्या आत्म्याला आवाहन करते. येतो मात्र बंडखोर राणे (कुलभूषण खरबंदा), ज्याच्या मृत्यूत तिच्या पूर्वजांचा हात होता. गोव्यातील सत्तरीत राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध खरोखरच वारंवार बंडे केली. दीपाजी राणे यांचे बंड १८५२ चे. त्यामुळे राणेच्या मृत्यूचे पाप एका घराचे राहत नाही, परक्या सत्तेशी जुळवून घेतलेल्या अख्ख्या वर्गाचे होते. दुसरे पाप कथेतील तरुण रुईझचे. मिलाग्रेनिया त्याच्यापासून गरोदर राहते आणि तो तिला वाऱ्यावर सोडून गोव्याबाहेर जातो. चोवीस वर्षांनी परतलेला रुईझ (नसीरुद्दीन शाह) हे सारे आठवतो. पश्चात्ताप खरा असला तरी तिचे गेलेले आयुष्य त्याला परत देता येत नाही. चित्रपटाचे मोठेपण इथेच आहे: तो ना रुईझला सोयीची क्षमा मिळवून देतो, ना घराण्याला. सत्तांतराने राज्य बदलते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे देणे तसेच उरते. बेनेगल यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.