माळ नांगरू नका, नुसता ओरखडा

मृग तोंडावर आला की एकच प्रश्न येतो. माळावरचं गवत विरळ झालंय, अंजन आणि स्टायलो टाकायचंय, रोटाव्हेटर मारू का?

माझं मत स्पष्ट आहे. मारू नका.

मी ही चूक केलीय. दोन एकर मुरमाड माळावर रोटाव्हेटर फिरवला. जुन्या पवन्याची ठोंबं उपटली. पहिल्याच मोठ्या पावसात भुसभुशीत माती ओढ्याला गेली आणि मोकळ्या जागेत टाकळा अन् गाजरगवत माजलं. भाड्याचे पैसे परत मिळवता येतात, गेलेली माती नाही.

पेरणी यंत्राचंही तेच. अंजनाचं बी हलकं, केसाळ. नळीत गुंततं. उतरलंच तर खोल पडतं. ह्या बियाला एक सेंटिमीटरच्या वर माती नको.

मग करायचं काय? उन्हाळ्यात वाळलेलं गवत कापून किंवा चारून घ्या, म्हणजे बी मातीला टेकेल. ठोंबांच्या मधल्या जागेत दाताळ्यानं उताराला आडवे ओरखडे काढा. स्टायलोच्या बियाचं कवच टणक असतं. 80 अंश सेल्सिअस पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, मग रात्रभर गार पाण्यात. अंजनाचं बी मागच्या वर्षीचं घ्या, ताजं झोपलेलं असतं. ओलसर माती आणि शेणात चोळून फेकलं की वाऱ्यानं उडत नाही, मुंग्याही कमी नेतात. विरळ माळाला मी एकरी दोन किलो अंजन आणि तितकंच स्टायलो धरतो. पहिला चांगला पाऊस झाला की फेका आणि वरून बोराटीच्या फांद्या ओढा. झालं.

यंत्राचे वाचलेले पैसे कुंपणाला लावा. खरा खर्च तिथंच आहे. पहिल्या वर्षी जनावर आत गेलं तर कोवळं रोप मुळासकट उपटतं. बी झडल्यावर विळ्यानं कापून न्या, चारू नका.

"मग जनावरं खातील काय?" रास्त प्रश्न. म्हणून सगळा माळ एकदम बंद करू नका. यंदा अर्धा, तो धरला की उरलेला.

कृषी खात्यातली मंडळी इथं वाचतात, त्यांना एक विनंती. बी वाटताना राखणीचंही बोला. राखण नसेल तर ते बी शेजारच्या शेळ्यांसाठीच पेरलं म्हणायचं.

तुमच्या माळावर काय टिकलं, काय गेलं? खाली लिहा.