विमा नसलेले वाहन आणि उघडी पडणारी घरे

वाहनाचा विमा म्हणजे पोलिसाने अडवले तर दाखवायचा कागद, असा समज आपल्या वस्त्यांतून घट्ट बसला आहे. वस्तुतः मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो मालकाच्या सोयीसाठी नव्हे. रस्त्याने पायी जाणाऱ्या, सायकलवरून कामाला निघालेल्या माणसासाठी केला. विमा नसेल तर न्यायाधिकरण मालकाविरुद्ध हुकूम देते. पण मालकच पत्र्याच्या खोलीत राहणारा असेल, तर त्या हुकुमाचे करायचे काय? एक घर अपघाताने उठते, दुसरे जप्तीने.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाविमा वाहनाला पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता होता ७१४ रुपये, कर वेगळा! नव्या दुचाकीला १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा विमा एकदमच घ्यावा लागतो. ती पाच वर्षे सरली की पुढचे कोणी बघत नाही.

परंतु खरा घात होतो तो विमा असतानाही. ऊसतोडीला, लग्नाला, सभेला आपली माणसे टेम्पोत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून जातात. ट्रॉली उलटली की कंपनीचा वकील उभा राहतो आणि सांगतो, हे मालवाहू वाहन आहे, प्रवाशांची जोखीम आमच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात आपलाच आधीचा निकाल फिरवून हेच मान्य केले. मालासोबत जाणारा मालाचा मालक कायद्याच्या संरक्षणात आहे, फुकट बसलेला मजूर नाही. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी रक्कम भरायला लावून मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण तो भरवशाचा मार्ग नव्हे. मुकादम आणि कारखाने मजुरांची ने-आण ट्रॉलीतून करतात, तेव्हा हा धोका त्यांना ठाऊक नसतो असे कोण म्हणेल? दुचाकीवर मागे बसणाऱ्याचेही तेच. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत तो येत नाही, हे २००६ च्या तिलक सिंग निकालाने स्पष्ट केले.

अपघातानंतर फिर्याद, पंचनामा आणि वाहनाच्या पॉलिसीची नक्कल ताबडतोब हाती घ्यावी. कलम १६६ खालील दावा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात झाला त्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण कोणी त्यावर विसंबून दिवस काढू नयेत. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत द्यायचा असतो.