फ्यूजच्या जागीं चंदेरी कागद नको

शेतमाल बाजारांत पोंचविण्यास बैलगाडीच्या जागीं पिकअप गाडी आली, त्यास आतां बराच काळ लोटला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं अशी एखादी जुनी गाडी उभी असेल. तिच्या टायरांची व तेलाची चौकशी सर्व करितात; परंतु फ्यूजची पेटी कोठें आहे हें विचारल्यास बहुतेक निरुत्तर होतात, ही गोष्ट आम्हांस शोचनीय वाटते.

गेल्या मार्गशीर्षांत आमचीच गाडी कांदा भरून रात्रीं बाजारास निघाली असतां वाटेंत मागील दिवे विझले. चालकानें फ्यूज काढून पाहिला, तों तो जळालेला. जवळ दुसरा नव्हता. तेव्हां त्यानें सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद त्यावर गुंडाळून तोच पुन्हां बसविला. आम्ही सोबत होतों व आम्हीं त्यास अडविलें नाहीं, हा दोष आमचाही आहे. दिवे लागले, परंतु कोसभर जातों न जातों तोंच डॅशबोर्डाखालून धूर निघाला. बॅटरीची तार वेळीं सोडविल्यामुळें गाडी व माल बचावला. वायरिंग मात्र सारें गेलें. पुढें मिस्त्रीनें दाखविलें कीं, मागील दिव्याची तार हौद्याखालीं पत्र्यास घासून उघडी पडली होती. फ्यूजनें आपलें काम चोख केलें होतें. आम्हींच तें मोडून काढलें.

फ्यूज हा मुद्दाम दुबळा ठेविलेला दुवा होय. तारेंतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह वाहूं लागला म्हणजे तार पेटण्यापूर्वीं फ्यूजमधील बारीक पट्टी वितळते व प्रवाह तुटतो. तेथें कागद, तांब्याची तार अथवा मोठ्या अंकाचा फ्यूज घालणें म्हणजे राखणदारास बांधून ठेवून खळें उघडें टाकणें होय. विहिरीवरील पंपाच्या किटकॅटांत जाड तार घालून मोटार जाळणारे गांवोगांव आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

बहुतेक गाड्यांत फ्यूजची एक पेटी डॅशबोर्डाखालीं व दुसरी बॉनेटखालीं बॅटरीजवळ असते. कोणता फ्यूज कशाचा, हें बहुधा झाकणावर दिलेलें असतें. पट्टीच्या फ्यूजांचे रंग ठरलेले आहेत: तांबडा १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ व हिरवा ३०. फार जुन्या गाड्यांतील चिनी मातीच्या लांबट फ्यूजांत मात्र तांबडा १६ चा व निळा २५ चा असतो. म्हणून रंगावर न विसंबतां अंक वाचावा. शिवाय जुनी गाडी विकत घेतली असल्यास आधींच्या मालकानें काय बसविलें असेल याचा नेम नाहीं. पेटींत आहे तोच योग्य असें न मानतां गाडीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावें.

फ्यूज काढण्यापूर्वीं किल्ली बंद करावी. पट्टी तुटलेली दिसल्यास त्याच अंकाचा नवा बसवावा. ती शाबूत असूनही दिवा लागत नसेल, तर खोबणींत हिरवट गंज चढला आहे काय तें पाहावें. नवाही लगेच उडाला, तर तिसरा घालूं नये. दोष तारेंत आहे असें समजून मिस्त्रीस दाखवावें.

कोणी म्हणतील, रात्रीं आडरानांत माल अडकला तर हा उपदेश काय कामाचा? त्यावर आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक अंकाचे दोन-दोन फ्यूज एका डबींत घालून गाडींत ठेवावे. त्यांस फारसा खर्च नाहीं. तेही नसल्यास रेडिओचा किंवा मोबाईल चार्जिंगच्या खोबणीचा त्याच अंकाचा फ्यूज काढून तात्पुरता वापरावा. इतक्यानेंही न भागल्यास गाडी रस्त्याच्या बाहेर घेऊन उजाडेपर्यंत थांबावें; मागील दिव्यांवांचून रात्रीं पुढें जाऊं नये. थांबल्यानें फार तर एका दिवसाचा भाव चुकेल.

बैल जुंपण्यापूर्वीं आपले वडील चाकाची खीळ हातानें चांचपून पाहात. तीच संवय या पेटीविषयींही लागली पाहिजे, व ती चालकावर न सोपवितां मालकानें स्वतः लावून घेतली पाहिजे.