मुंबई ते लंडन : घड्याळाचे तास आणि आंब्याचे तास



रत्नागिरीहून आंब्याचा ट्रक सुटला की मुंबई गाठायला त्याला आठ-नऊ तास लागतात. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मुंबईहून लंडन ७,२०० किलोमीटर, आणि विमानाला लागतात नऊ-दहा तास. वाट वीसपट, वेळ मात्र जवळजवळ तेवढाच! हे ऐकून आज काढलेला आंबा उद्या लंडनला पोचेल, असे पुष्कळांना वाटते. म्हणून हा प्रवास नीट मोजून पाहू.

शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो जवळचा मार्ग ७,२०० किलोमीटरचा. मोठे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते, म्हणजे आठ तास पुरावेत. पण विमानाला दोऱ्यासारखे सरळ जाता येत नाही. काही देशांचे आकाश वेळोवेळी बंद असते. २०१९ साली पाकिस्तानचे आकाश काही महिने बंद होते, तेव्हा युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीला वेळ थोडा कमी लागतो.

आता घड्याळाची गंमत पाहा. आंब्याच्या हंगामात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात ते साडेपाच तास मागे जाते. समजा, विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले आणि दहा तास उडाले. लंडनला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. कोणी म्हणेल, साडेपाच तासांतच पोचले! घरचा मुलगा किंवा मुलगी तिकडे निघाली असेल, तर फोनची वाट पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आंबा मात्र घड्याळ पाहत नाही. झाडावरून उतरल्या क्षणापासून त्याचे तास सुरू होतात. बागेतून पॅकहाउस, तिथे निवड व प्रतवारी, मग तपासणी, फायटोसॅनिटरी दाखला, विमानतळावरचा मुक्काम, पलीकडची तपासणी आणि शेवटी दुकान. यात दिवस जातात. आकाशातले दहा तास हा त्यातला लहानसा भाग. विमान चुकले की एक दिवस वाढलाच. पेटी उघडताना फळ मऊ निघाले तर भाव पडतो, आणि अखेर तो तोटा बागायतदाराच्या दारी येतो.

यासाठी काही गोष्टी कराव्यात. निर्यातीचा हापूस चौदा आणे तयार असतानाच काढावा. झाडावर पिकू देऊ नये. तसाच कोवळाही काढू नये, कारण कोवळ्या फळाला गोडी येत नाही. नूतन झेल्याने देठ राखून, सकाळच्या गारव्यात काढणी करावी व फळे लगेच सावलीत न्यावीत. काढणी ठरवण्याआधी निर्यातदाराला विमानाचा दिवस विचारावा, आणि तिथून मागे मोजत यावे. पेटीवर काढणीची तारीख व वेळ लिहावी.

वाऱ्यावर आणि आकाशावर आपला ताबा नाही. झाड ते ट्रक हे तास मात्र आपल्या हातात आहेत. ते वाचवा.