आधी खांदा, मग ब्रँड

रोजच्या कपड्यांत रुबाब येतो तो मापातून. ब्रँडचा नंबर त्यानंतरचा. रेडिमेड शर्टावरचा ४० हा आकडा बहुधा गळ्याचा असतो, सेंटिमीटरमधला. त्यावरून खांदा किंवा पोटाचा घेर कळत नाही. भारतीय शरीरांचा स्वतंत्र मापतक्ता हवा म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेला मुंबईसह सहा शहरांत हजारो लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला, यातच सगळे आले. म्हणून आधी खांद्याची शिवण पाहावी. ती दंडावर ओघळत असेल तर शर्ट परत ठेवावा. खांदा उसवून बसवणे खर्चिक आणि बेभरवशाचे. कंबर, बाही, पँटची उंची मात्र कोपऱ्यावरचा अल्टरेशनवाला सहज सुधारतो. सध्या सैल कपड्यांचीच चलती आहे, मग मापाचे कौतुक कशाला, असे कुणी विचारेल. पण मुद्दाम सैल कापलेल्या शर्टात खांदा उतरता असला तरी गळा आणि लांबी हिशेबात असते. नेहमीचाच शर्ट दोन साइझ मोठा घेतला की नुसते गबाळेपण उरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सैलपणा सोयीचा, हे कबूल. तेवढ्यासाठी सुती किंवा लिनन घ्यावे. पॉलिस्टर सैल असले तरी घामाने पाठीला चिकटतेच.