दीडची वायर, अडीचची वायर आणि ‘फोर-के’ची केबल

मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली



मी पुण्यात घरूनच पुस्तकांचं डीटीपी करते. टेबलावर दोन फोर-के मॉनिटर. डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडे लागत असलेलं पान. ऐन दिवाळी अंकांच्या धांदलीत डाव्यानं असहकार पुकारला. मी चहा ठेवायला खुर्चीतून उठले की तो दोन सेकंद काळाठिक्कर! परत येऊन बसले की पुन्हा तेच. एरवी मोहरी तडतडावी तसे पांढरे ठिपके. घरच्यांच्या मते मला दृष्ट लागली होती. दुकानदाराच्या मते ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. त्यातल्या त्यात दृष्ट काढणं स्वस्त.

ड्रायव्हर दोनदा काढून नव्यानं टाकला, फरक शून्य. मग सहज रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवरून ३० वर आणला आणि ठिपके गायब! तेव्हा संशय आला. दोन्ही मॉनिटरच्या केबली आपापसांत बदलल्या, तर दुखणं केबलीबरोबर उजवीकडे गेलं. कार्ड बिचारं निर्दोष होतं.

हिशेब साधा आहे. एचडीएमआय केबलीवरून फोर-के चित्र ६० हर्ट्झनं न्यायला सेकंदाला सुमारे १८ गिगाबिट लागतात, ३० हर्ट्झला त्याच्या निम्मे. माझ्या केबलीवर ‘फोर-के’ छापलं होतं, ते खोटंही नव्हतं. फक्त अर्धं होतं. आणि खुर्ची? गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठताबसताना स्थिर विजेचा झटका निघू शकतो. केबलीचं आवरण कमजोर असेल तर तो आत शिरतो आणि चित्राचा ताल तुटतो. डिस्प्लेलिंक या कंपनीनं आपल्या ग्राहकांसाठी हे कारण चक्क लिहून ठेवलं आहे. नाहीतर मलाही कुणी वेड्यात काढलं असतं.

डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या केबलीची तऱ्हा न्यारीच. त्या केबलीत विसावी पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडायची नसते. काही केबलींत ती जोडलेली असते, मग मॉनिटरची ३.३ व्होल्ट वीज उलटी कम्प्युटरमध्ये जाते. मशीन धड सुरू होत नाही आणि आपण मदरबोर्ड बदलायला निघतो.

साहेब, आमचा वायरमन दुकानात जाऊन ‘दीडची द्या, अडीचची द्या’ म्हणतो. तारेच्या अंगावर जाडीचा आकडा असतो, शेजारी तुमचा आयएसआय शिक्का असतो, बोलणं संपतं. यूएसबी टाइप-सीची मानकं तर तुम्ही जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्धही केलीत. मग चित्राच्या केबलीलाही तोच न्याय लावा. किती गिगाबिट आणि किती मीटरपर्यंत, हे दोन आकडे छापायची सक्ती करा. तेही खोक्यावर नकोत, केबलीच्या अंगावर हवेत. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत जातं.

नवी केबल लावली आहे, कार्ड तेच आहे. जुनी फेकलेली नाही. तपासणीसाठी हवी असेल तर कळवा, पोस्टानं पाठवते.

आपली,
एक डीटीपीवाली