खिशांतलें पेन आणि हातांतलें पेन

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक विलक्षण व्यवहार सर्रास चालूं आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे कीं त्याचें कोणास आश्चर्यही वाटत नाहीं. घरांतील कर्त्या पुरुषास साठीच्या किंवा सेवानिवृत्तीच्या समारंभांत, अथवा जांवयास दिवाळसणाला म्हणून जें पेन मिळतें, तें मखमलीच्या पेटींतून कपाटांत जातें व तेथेंच वर्षानुवर्षें निजून राहतें. त्याची किंमत हजारांत असते. त्याच घरांतील दहाबारा वर्षांच्या मुलाला शाळेंत आणि घरीं मिळून रोज कित्येक तास हातानें लिहावें लागतें. पण त्याच्या हातांत डझनाच्या भावानें घेतलेलें, धरावयास निसरडें आणि कागदावर रेटावें लागणारें बॉलपेन असतें. ज्याला लिहावयाचें नाहीं त्याला उत्तम लेखणी, आणि ज्याला लिहिल्यावांचून गत्यंतर नाहीं त्याला मिळेल ती, असा हा न्याय! मग मुलाचें अक्षर बिघडलें, बोटें दुखूं लागलीं, कीं आम्ही मुलाला रागें भरतों. लेखणीची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं.

ह्या व्यवहाराच्या मुळाशीं दोन समजुती आहेत. शाईचें पेन हा शौकिनांचा विषय आहे, ही पहिली. आणि चांगलें पेन म्हणजे महाग पेन, ही दुसरी. ह्या दोन समजुती एकमेकींना पोसतात. पेन शौकाचें म्हणून महाग घ्यावयाचें, आणि महाग म्हणून मुलाच्या हातीं द्यावयाचें नाहीं! दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांचा भुर्दंड घरांतील सर्वांत लहान हाताला सोसावा लागतो, म्हणून त्यांचा समाचार घेणें अवश्य आहे.

पहिली समजूत इतिहासाला धरून नाहीं. पॅरिस येथें असतां पेत्राखे पोएनारू ह्या रुमानियन तरुणानें इ. स. १८२७ मध्यें आपोआप शाई पुरविणाऱ्या लेखणीचें पेटंट घेतलें. १८८४ मध्यें अमेरिकेंत लुइस वॉटरमन ह्यानें, शाई खालीं उतरावी व तिच्या जागीं हवा वर जावी अशी योजना असलेल्या पेनाचें पेटंट घेतलें. वारंवार दौतींत टाक बुडविण्याच्या त्रासांतून लिहिणाऱ्याला सोडविणें हा ह्या खटपटीचा हेतु होता. आमच्या देशांत तर शाईचें पेन हा स्वदेशीचा भाग होता. आंध्रांतील राजमहेंद्री येथें रत्नम् ह्यांनीं बनविलेलें पेन गांधीजींकडे पोंचलें, आणि त्याबद्दल आभार मानणारें पत्र गांधीजींनीं १९३५ मध्यें आमच्या वर्ध्याहून धाडलें. मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ मध्यें शाईची पूड व वड्या करण्यापासून जो धंदा आरंभिला, तोच पुढें ‘कॅमल’ ह्या नांवानें घरोघरीं पोंचला. बंगाल्यांत ‘सुलेखा’ शाईचा कारखाना १९३४ मध्यें निघाला. हा माल कारकून, शिक्षक, वकील आणि विद्यार्थी ह्यांच्या मेजावर जावयाचा होता. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतील शोभेसाठीं एवढा खटाटोप कोण करतो?

उलट ज्याला आज आम्ही गरिबाचें साधन समजतों तें बॉलपेनच जन्मतः चैनीची वस्तु होतें. लास्लो बिरो ह्या हंगेरियन गृहस्थानें त्याचें पेटंट १९३८ मध्यें घेतलें. आणि १९४५ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत रेनॉल्ड्सचें बॉलपेन विक्रीस आलें तेव्हां एकेका नगाची किंमत साडेबारा डॉलर होती. तें स्वस्त झालें तें पुढें. तेव्हां गरिबी आणि श्रीमंती हे लेखणीचे जन्मजात गुण नव्हेत. कारखानदार आणि गिऱ्हाईक मिळून तिला ते चिकटवितात.

आतां सोयीचा विचार करूं. शाईच्या पेनांत पाण्यासारखी पातळ शाई निबेच्या बारीक चिरेंतून केशाकर्षणानें कागदापर्यंत येते. कागदाला टोंक नुसतें टेकलें कीं रेघ उमटते. हाताला फक्त दिशा दाखवावी लागते. बॉलपेनांत दाट तेलकट शाई असते, आणि टोंकावरील गोळी फिरावी म्हणून पेन थोडें उभें धरून दाबावें लागतें. एका ओळीला हा फरक जाणवत नाहीं. दहा पानांना जाणवतो. मुलाच्या वहीचें पान उलटून पाठीमागून हात फिरवावा. अक्षरांचे उंचवटे लागले तर तो सारा जोर त्या कोंवळ्या बोटांतून गेला आहे असें समजावें. कोणी म्हणेल कीं हल्लींच्या जेल पेनाला एवढा जोर लागत नाहीं. तें खरें आहे. पण तें लवकर संपतें, आणि बहुधा कांडीसकट फेकलें जातें. शिवाय हलक्या हातानें लिहिण्याची जी संवय शाईचें पेन लावतें ती तें लावीलच असें नाहीं, कारण दाबून लिहिलें तरी तें तक्रार करीत नाहीं. शाईचें पेन तक्रार करतें. दाबलें कीं त्याचें टोंक फांकतें, रेघ जाड होते, आणि लिहिणाऱ्याला आपली चूक कागदावरच दिसते.

दुसरी समजूत सोन्याची. ‘सोन्याची निब’ असें म्हटलें कीं आमच्या माणसाची मान आदरानें लवते. पण सोनें कागदाला लागतच नाहीं! निब सोन्याची असो वा पोलादाची, तिच्या अगदीं टोंकाशीं कठीण धातूंच्या मिश्रणाचा एक सूक्ष्म मणी वितळवून बसविलेला असतो, आणि कागदावर फिरतो तो हा मणी. तो नीट घासला आहे कीं नाहीं, दोन्ही पाती एका पातळींत आहेत कीं नाहींत, ह्यावर लिहिण्याची गोडी अवलंबून आहे. सोनें वापरण्याचें मूळ कारण असें कीं पूर्वींच्या आम्लयुक्त शाईनें साधें पोलाद गंजे आणि सोनें गंजत नसे. गंज न धरणारें पोलाद आलें, शाया सौम्य झाल्या, आणि तें कारण सरलें. सोन्याची कांहीं निब किंचित् लवचीक असते हें मान्य. पण गणिताच्या वहीला त्या लवचीकपणाचा काय उपयोग? चौदा कॅरटच्या निबेंत शेंकडा साडेअठ्ठावन्नच सोनें असतें. त्यासाठीं कित्येक पटींनीं पैसे मोजणाराची लिहिण्याची सोय कित्येक पटींनीं वाढत नाहीं. वाढते ती खिशाची ऐट.

पुष्कळदां तर किंमतीबरोबर गैरसोयही विकत घेतली जाते. महागाचा भास व्हावा म्हणून पितळेचीं भारदस्त पेनें करतात. हलक्या प्लास्टिकच्या पेनाचें वजन १५ ते २० ग्रॅम भरतें, तर ह्या पितळी पेनांचें ३० ते ४० ग्रॅम. दुकानांत हें ओझें प्रतिष्ठित वाटतें. परीक्षेच्या तिसऱ्या तासाला तेंच मनगटाला सांगतें कीं मी कोण आहें. धरावयाच्या जागीं धातूचा गुळगुळीत मुलामा असला तर घामेजलेलीं बोटें घसरतात, आणि बोटें घसरूं लागलीं कीं मूठ आवळली जाते. ज्या दाबापासून सुटका व्हावी म्हणून शाईचें पेन घेतलें, तो असा मागच्या दारानें परत येतो!

मग पारख कशी करावी? हातावरून करावी. पेन हलकें असावें. बोटांची पकड जेथें पडते तेथें जाडी १० ते १२ मिलिमीटरच्या आसपास असावी. तेथें आटे किंवा धारदार कडा बोटाला टोंचूं नयेत. टोपण मागें लावून आणि न लावतां, असें दोन्ही प्रकारें लिहून पाहावें, कारण टोपणाच्या वजनानें तोल मागें झुकतो व कित्येकांना तो सोसत नाहीं. आपल्या देवनागरीसाठीं निब बारीक असावी. आमच्या अक्षरांना वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, खालीं उकार, आणि मध्यें जोडाक्षरांची दाटी. जाड निबेनें ‘ध’ आणि ‘भ’ ह्यांचीं पोटें बुजतात आणि ओळ काळवंडते. जपानी कारखान्यांची ‘फाइन’ ही युरोपीय ‘फाइन’पेक्षां सामान्यतः बारीक असते, हेंही ध्यानांत असावें. आणि मुख्य म्हणजे, दुकानांत एक सही ठोकून पेन पसंत करूं नये. सही हें लिहिणें नव्हे. वहाण पायांत घालून चार पावलें न टाकतां काचेंतूनच पसंत करावी, तसाच तो प्रकार आहे. निदान अर्धें पान लिहून पाहावें, आणि ज्याला पेन वापरावयाचें त्यानेंच लिहून पाहावें.

ह्या कसोट्यांना उतरणारें पोलादी निबेचें साधें पेन आपल्याकडे आजही शंभर-दोनशें रुपयांच्या आंतबाहेर मिळतें. ज्या जर्मनीच्या उंची पेनांचे आम्ही गोडवे गातों, त्याच देशांत पेलिकन कारखान्यानें १९६० मध्यें ‘पेलिकानो’ आणि लामी कारखान्यानें १९८० मध्यें ‘सफारी’ हीं पेनें शाळकरी मुलें डोळ्यांपुढें ठेवून काढलीं. निब पोलादाची, अंग प्लास्टिकचें, आणि बोटें कोठें ठेवावींत हें पेनच सांगेल अशी पकड. त्यांची नक्कल करावयाची तर आम्ही ह्या विवेकाची करावी. मखमली पेटीची नव्हे.

आतां आक्षेप. स्वस्त पेन गळतें, असें म्हणतात. पोटांत सरळ शाई ओतावयाच्या पेनांत शाई थोडी उरली म्हणजे हवेची पोकळी वाढते. हाताच्या उबेनें ती हवा फुगते आणि टोंकांतून शाईचा थेंब ढकलते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. तो महाग पेनालाही सोडीत नाहीं. शाई पावाच्या खालीं जाण्यापूर्वींच भरावी, किंवा आंत दट्ट्या असलेलें पेन घ्यावें. पेन अडतें, अशी दुसरी तक्रार. महिना महिना न धुतलेलें पेन अडेल नाहीं तर काय करील? साध्या पाण्यानें तें धुवावें, आणि चित्रकलेची लाखमिश्रित काळी शाई त्यांत चुकूनही घालूं नये. कागदावर शाई फुटते ही तक्रार मात्र खरी आहे. पण तो दोष बहुधा वहीचा. वही घेतांना एका कोपऱ्यावर रेघ ओढून पाहिली तर तेवढ्यानें भागतें.

राहिला शेवटचा आक्षेप: आतां लिहितो कोण? सारें यंत्रावरच होतें! हें बोलणारे बहुतेक प्रौढ असतात. त्यांचें लिहिणें संपलें आहे. मुलांचें संपलेलें नाहीं. शालांत परीक्षेंत भाषेच्या पत्रिकेला आजही तीन तास हातानेंच लिहावें लागतें, आणि त्या तीन तासांवर मुलाची पुढची वाट बरीचशी अवलंबून असते. ज्या गोष्टीवर आम्ही मुलाचें भवितव्य टांगून ठेवलें आहे, तिचें साधन निवडावयास मात्र आम्हांला दहा मिनिटें सांपडत नाहींत, ह्यास काय म्हणावें?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, पुढच्या समारंभाला पेन द्यावयाचें मनांत आलें तर तें कोणाच्या खिशाला शोभेल हें न पाहतां घरांत सर्वांत जास्त कोण लिहितें हें पाहावें. तें मूल असेल, परीक्षेला बसलेली सून असेल, किंवा रोज शंभर वह्या तपासणारी शिक्षिका असेल. तिला दुकानांत घेऊन जावें, अर्धें पान लिहूं द्यावें, आणि तिचा हात जें पसंत करील तें, मग तें कितीही स्वस्त असो, मुकाट्यानें घ्यावें. किंमतीची चिठ्ठी पाहून तें बदलण्याचा मोह मात्र आवरावा.